उंदरांच्या फौजेतली नात

ओट्याच्या कडेवर एक हात टेकवायचा, पाठ ताठ करायची आणि दोन्ही टाचा जमिनीपासून उचलायच्या. मनातल्या मनात काहीतरी मोजायचं, टाचा सावकाश खाली आणायच्या, पुन्हा उचलायच्या. कोविडच्या आधीच्या एका मे महिन्याच्या शेवटी माझ्या ताईची नात अमेरिकेहून आमच्या उरणजवळच्या करंजाला आली होती, तेव्हा रोज सकाळी हे चालायचं. पाऊस तोंडावर आलेला, अंगणात जवळ्याच्या शेवटच्या वाळवणाची घाई, कावळे हाकलायला ताई काठी घेऊन बसलेली, खाडीवरून रेवसच्या लाँचचा घरघराट. आणि ओट्याशी ही इवलीशी पोर स्वतःच्या उंचीवर दोन बोटं चढवत असायची. "पाय मुरगळंल गो बाय," ताई म्हणायची. पोर हसायची, खाली यायची, पुन्हा वर जायची.

मला तिच्या पायांकडे बघत बसायला आवडायचं. आमच्याकडे नाच म्हणजे जमिनीशी जवळीक. कोळीनाचात गुडघे सैल असतात, कमर झुलते, हात वल्हं मारतात, पण पाऊल पुरतं टेकलेलं असतं. होडीच्या फळीवर उभ्या राहणाऱ्या माणसांनी बसवलेला नाच आहे तो. लाट खालून उचलते तेव्हा गुडघ्यातून तिला वाट करून द्यायची असते, आणि होडीत टाचा उचलणारा माणूस पाण्यात जाईल. डोक्यावर पाटी घेऊन धक्क्यावरून येणाऱ्या बायकांची मान आणि पाठ कुठल्याही नर्तिकेइतकी सरळ असते, मात्र त्यांचा सगळा तोल तळव्यात. या पोरीला शिकवलेला नाच नेमका उलटा. त्याला जमीन सोडायची आहे. जमीन सुटत नाही हे ठाऊक असूनही रोज सकाळी ती सोडायचा सराव करायचा, यात मला काहीतरी फार मोठं वाटायचं. शाळेत तीस-पस्तीस वर्षं मुलं शिकवली, पण स्वतःच्या शरीराशी इतक्या गंभीरपणे बोलणारं मूल मी क्वचित पाहिलं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात ताई आणि मी भाचीकडे टेक्ससला गेलो. रशियन बॅलेची एक कंपनी 'नटक्रॅकर' घेऊन तिच्या शहरात येणार होती, आणि आमची पोर त्या खेळात उंदीर होणार होती.

'नटक्रॅकर' ही मूळ गोष्ट एका जर्मन लेखकाची. हॉफमानने ती १८१६ साली लिहिली, पुढे अलेक्झांडर द्यूमाने ती फ्रेंचमध्ये आपल्या पद्धतीने सांगितली, आणि त्यावरून पीटर्सबर्गात बॅले झाला. नाताळच्या रात्री एका मुलीला अक्रोड फोडायची लाकडी बाहुली भेट मिळते. बाहुली शिपायाची, जबडा मोठा, मागचा दांडा दाबला की तोंडात ठेवलेलं अक्रोड फुटतं. मध्यरात्री उंदरांचा राजा फौज घेऊन येतो, बाहुली जिवंत होऊन लढते, मुलगी आपला जोडा फेकून उंदरांच्या राजाला लोळवते, आणि बाहुलीचा राजपुत्र होऊन तिला बर्फाच्या रानातून दूरच्या देशात घेऊन जातो. गोष्ट एवढीच. ताईला मी ती विमानात सांगितली, तेव्हा तिने लगेच आईच्या चंचीतल्या पितळी अडकित्त्याची आठवण काढली. त्याला राघूची चोच होती. सुपारी कातरायच्या वस्तूला कुणी राघू केलं, कुणी घोडा, कुणी नवरा-नवरी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात असे अडकित्ते मांडून ठेवले आहेत. जर्मनीच्या डोंगराळ भागात खाणींतलं धातूचं खनिज संपत आलं, तेव्हा खाणकामगार लाकडाची खेळणी कोरू लागले, आणि त्यांनी अक्रोड फोडायच्या कामाला शिपाई आणि राजे जुंपले. ताईला ही गोष्ट तिथेच पटली. जी वस्तू रोज हातात येते ती रात्री जिवंत होणारच, असं तिचं म्हणणं.

त्या कंपनीचं नाव मॉस्को बॅले. १९९३ पासून ती दर नाताळात अमेरिकाभर 'ग्रेट रशियन नटक्रॅकर' घेऊन फिरत होती. मोठमोठ्या शहरांतून तर जायचीच, पण जिथे बॅलेची स्वतःची कंपनी नाही अशा गावांतही जायची. एका संध्याकाळी खेळ, रात्री सामान बसमध्ये, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. तमाशाच्या फडांचा मुक्काम पाहिलेल्या माणसाला यात अनोळखी काहीच नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. कंपनीची एक शिक्षिका काही महिने आधीच त्या गावात येऊन जायची. गावातल्या नृत्यशाळेतली मुलं गोळा करायची, कुणाला उंदीर, कुणाला बर्फाचा कण, कुणाला नाताळच्या मेजवानीतला पाहुणा करायची, पावलं शिकवून पुढच्या गावाला निघून जायची. मग मुलं आपापल्या शाळेत महिना-दोन महिने तालीम करायची. खेळाच्या दिवशी कंपनी यायची, दुपारी एकदा सगळ्यांची एकत्र तालीम, आणि संध्याकाळी तीच मुलं रशिया-युक्रेनच्या सराईत नर्तकांच्या बरोबरीने रंगमंचावर. दर गावी नवे उंदीर.

त्या संध्याकाळी नाट्यगृहाबाहेर घरंच्या घरं उतरत होती. मखमली फ्रॉक घातलेल्या लहान मुली, गळ्यात टाय बांधलेले आणि अवघडून गेलेले मुलगे, चाकांच्या खुर्चीत बसवून आणलेले आजोबा. नाताळात सगळ्या घराने मिळून हा खेळ बघायचा, अशी तिकडे रीतच आहे. ही रीत तशी जुनी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९४४ साली पूर्ण बॅले पहिल्यांदा अमेरिकेत झाला, आणि १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये बालांशीनने तो बसवल्यावर त्याची लाट आली. बालांशीन पीटर्सबर्गच्या शाळेत वाढलेला, लहानपणी याच बॅलेत नाचलेला. म्हणजे मुळात तो एका मोठ्या झालेल्या मुलाने आपल्या बालपणातला नाताळ परक्या देशात पुन्हा उभा केलेला होता. परदेशात गणपती बसवणारी आमची घरं मला त्या दाराशी उभं असताना आठवली, आणि भाचीने ताईचा हात घट्ट का धरला आहे तेही समजलं.

पडदा हाताने रंगवलेला होता. मेजवानी झाली, दिवे मंदावले, झाड उंच उंच होत गेलं आणि उंदीर आले. पंधरा-वीस असतील, सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे, सगळ्यांना सारख्या शेपट्या. माझी नजर या उंदरावरून त्या उंदरावर जात होती. ताईने मात्र एका दमात बोट केलं. तिने पाय ओळखले होते. करंजाला रोज सकाळी अंगणात बसून जे पाय पाहिले ते मुखवट्याखालूनही तिच्यापासून लपले नाहीत. उंदीर पळाले, पडले, उचलून नेले गेले. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे कौतुकापेक्षा काळजी जास्त होती; आपलं माणूस खोल पाण्यात असताना किनाऱ्यावरच्या बाईच्या तोंडावर असते ती.

पहिल्या अंकाच्या शेवटी बर्फ पडतो. पांढऱ्या कपड्यांतल्या नर्तिका भोवऱ्यासारख्या येतात, वरून कागदी हिमकण झरत राहतात, आणि वाद्यमेळातून मुलांचा कोरस उठतो. त्या कोरसला शब्द नाहीत, नुसता आ-कार. टेक्ससच्या त्या भागात खरा बर्फ क्वचित पडतो. करंजाला तर त्याची कल्पनाही करता येत नाही. पण शब्द नसलेले ते आवाज ऐकताना थंडी अंगावर आली. चायकोव्हस्कीला या बॅलेचं संगीत करायला बोलावलं तेव्हा त्याचं मन त्यात फारसं नव्हतं असं सांगतात. १८९१ च्या वसंतात तो या कामात गुंतला असताना त्याची लाडकी बहीण साशा वारली. ती बातमी त्याला पॅरिसमध्ये वर्तमानपत्रातून कळली, आणि त्यानंतर लगेच त्याला ठरल्याप्रमाणे अमेरिकेच्या बोटीवर चढावं लागलं. दुसऱ्या अंकात राजपुत्र आणि परी यांचं एक मोठं युगुलनृत्य आहे. त्याची सुरावट म्हणजे वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंत आठ स्वरांचा सरळ अवरोह, मध्ये काहीही नाही. पेटी शिकणारं मूल पहिल्या आठवड्यात जे वाजवतं तेच. आमच्या घरात पेटी होती, म्हणून ते मला पटकन ओळखू आलं. आनंदाच्या खेळाच्या ऐन शिखरावर त्याने उतरणारे स्वर का ठेवले असतील? बहिणीचं दुःख त्यात आहे असं पुष्कळ जण मानतात. मी ताईशेजारी बसून ते ऐकलं आणि मला त्यात शंका उरली नाही.

त्याच अंकात एक वाद्य टिपरं पडल्यासारखं वाजतं. ते सेलेस्टा. चायकोव्हस्कीने ते पॅरिसला पाहिलं, आणि ते मागवताना आपल्या प्रकाशकाला बजावलं, की कुणाला कळू देऊ नका, नाहीतर दुसरे संगीतकार माझ्या आधी वापरतील. इतका मोठा माणूस, आणि एका नव्या आवाजासाठी शाळकरी मुलासारखा जीव टाकतो! मुलांचा बॅले लिहायला असाच माणूस लागतो.

१८ डिसेंबर १८९२ रोजी मरिन्स्की नाट्यगृहात पहिला खेळ झाला तो काही गाजला नाही. टीकाकारांच्या तक्रारींतली एक अशी होती की रंगमंचावर मुलंच फार आहेत. नायिकेचं काम बारा वर्षांच्या विद्यार्थिनीने केलं होतं. आज हा बॅले जगभर जो टिकून आहे तो बहुतांशी त्याच कारणाने, असं मला वाटतं. प्रत्येक गावी शे-दीडशे घरं आपापलं मूल बघायला येतात, आणि मूल बघता बघता चायकोव्हस्की ऐकून जातात.

त्या पहिल्या खेळाच्या वर्षी पीटर्सबर्गच्या नृत्यशाळेत आना पावलोव्हा नावाची एक किडकिडीत मुलगी शिकत होती. तिची आई धुणावळ. घरात पैसा नाही, तब्येत नाजूक. आठ वर्षांची असताना नाताळची भेट म्हणून आईने तिला मरिन्स्कीत 'स्लीपिंग ब्यूटी' दाखवायला नेलं, आणि घरी परतताना मुलीने ठरवून टाकलं की आपण हेच करायचं. ही आठवण तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. धुणावळीने एका संध्याकाळच्या तिकिटाचे पैसे कसे जमवले असतील, हे आठवणीत येत नाही. मला वाचताना तेच जास्त दिसतं.

ही पावलोव्हा मुंबईला आली होती. जपान, चीन, ब्रह्मदेश करत तिची कंपनी १९२२ च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरली, खेळ केले आणि पुढे इजिप्तला गेली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईकडे येणारा-जाणारा सगळा मोठा समुद्रप्रवास आमच्या दारावरूनच व्हायचा. बंदरातून बोट बाहेर पडली की डाव्या हाताला द्रोणागिरीचा डोंगर येतो. त्या बोटीच्या कठड्याशी ती उभी राहिली असेल तर तिने तो पाहिला असणार, आणि आमच्या पणज्यांपैकी कुणीतरी डोलाची जाळी ओढताना तिच्या बोटीचा धूर. एवढं मी मनाशी धरून चालते.

दौऱ्यावरची कंपनी निघून जाते तेव्हा गावात काय राहतं, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही. पावलोव्हाच्या बाबतीत ते दाखवता येतं. अजिंठ्याच्या चित्रांवरून तिने १९२३ साली एक बॅले केला. हिंदू विषयांवर नाच बसवायचा म्हणून लंडनला चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकरला तिने जवळ केलं, राधा-कृष्णाच्या नाचात त्याला स्वतःबरोबर घेतलं, आणि चित्रकार व्हायला निघालेला तो तरुण नर्तक झाला. १९२८-२९ च्या दौऱ्यात तिचा नाच पाहून भारावलेल्या रुक्मिणीदेवींना तिने बॅलेचे धडे तर मिळवून दिलेच, शिवाय आपल्या मातीतलं नृत्य शोधा असंही सांगितलं. मादाम मेनका मुंबईच्या. त्यांनाही तिनेच उत्तेजन दिलं. मेनकाबाईंनी कथ्थकची मंडळी बांधली, १९३६ च्या बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली आणि पुढे खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. आमच्याकडून पनवेल गाठलं आणि घाट चढला की खंडाळा. इतक्या जवळ हे घडलं आणि आमच्या शाळेच्या एकाही पुस्तकात त्याची ओळ नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

नाच उलट्या दिशेनेही गेला आहे. नवी मुंबईच्या झोपडपट्टीतला अमीरुद्दीन शाह, वडील वेल्डर. मुंबईत येहुदा माओर नावाच्या इस्रायली-अमेरिकन गुरूंनी त्याला हेरलं, शिकवलं, आणि २०१७ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. त्याच्या आणि मनीष चौहान या टॅक्सीचालकाच्या मुलाच्या आयुष्यावरून सूनी तारापोरवालांनी २०२० मध्ये 'ये बॅले' हा चित्रपट केला. आमच्या वर्गातल्या मुलांना मी तो बघायला आग्रहाने सांगत असते. पहिल्यांदा मुलगे खिदळतात. मग एखादा हळूच विचारतो, "बाई, त्याला सुरुवातीला नाच कुठं दिसला?" हा प्रश्न योग्य आहे. कुठंतरी आधी दिसावा लागतो.

करंजाच्या मुलांना नाच दिसतो, त्यांची उपासमार नाही. चैत्रात द्रोणागिरीची जत्रा, नारळी पुनवेला सोन्याचा नारळ, शिमग्याला रात्ररात्र फेर, हळदीत धवलारिणीचे धवळे. पण ते घरचं आहे, त्यात मूल जन्मतःच असतं. परका नाच घरी यावा आणि त्याने आपल्याला आत घ्यावं, ही वेगळी गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी वर्षानुवर्षं वानरसेना बसवली आहे. राम-लक्ष्मण दोन, वानर तीस. पालकांनी गर्दी करायची ती वानरांसाठी. मुलाला शेपूट लावली आणि रांगेत उभं केलं की त्याचा चेहरा बदलतो. ते आता प्रेक्षक राहत नाही. टेक्ससच्या त्या नाट्यगृहात आमच्या पोरीने मुखवटा काढला तेव्हा केस घामाने चिकटलेले होते आणि पहिलं वाक्य होतं, "आजी, तो उंदरांचा राजा आहे ना, त्याने मला पडताना हात दिला." कुठल्याशा दूरच्या शहरातल्या नर्तकाने, त्या रात्री पुढच्या गावाला निघून जाणाऱ्या माणसाने, एका कोळ्याच्या पणतीला हात दिला होता. तो हात तिच्या लक्षात राहील. परीचा नाच कदाचित विसरेल.

त्या खेळात दोन नर्तक मिळून एक कबुतर होतात, प्रत्येकाच्या खांद्याला एकेक प्रचंड पंख. शांतीचं कबुतर म्हणतात त्याला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि कंपनीने आपल्या नावातून मॉस्को आणि खेळाच्या नावातून रशिया काढून टाकला. दोन्ही देशांचे नर्तक ज्या मंडळीत वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळत होते, तिथे त्या दोन पंखांमध्ये काय झालं असेल याचा विचार करवत नाही. खेळ दुसऱ्या नावाने चालू आहे. गावोगावची मुलं अजून त्यात नाचतात. आमची पोर आता मोठी झाली, बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट तिला मिळाले, आणि उंदरांच्या फौजेतून ती केव्हाच बाहेर पडली.

आता उरणपर्यंत लोकल आली, न्हावा-शेव्याहून अटल सेतूने मुंबई हाकेवर आली. परदेशी मंडळी मुंबईत येतात, पण त्यांची तिकिटं आमच्या गावातल्या घरांना परवडणारी नाहीत, आणि त्यातली कुणी खाडीपर्यंत येत नाही. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, वाशीला विष्णुदास भावे आहे. तिथे नाचाची कुठलीही मंडळी बाहेरून येणार असली, रशियाची असो, मणिपूरची असो, की सिंधुदुर्गातला दशावतार असो, तर ते कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. महिनाभर आधी एक शिक्षक आमच्याकडे पाठवा. करंजा, मोरा, जासई, चिरनेर, कुठेही. दहा-वीस मुलं निवडा, त्यांना चार पावलं शिकवा, आणि खेळात त्यांच्यासाठी चार मिनिटं ठेवा. उंदीर करा, वानर करा, बर्फाचा कण करा. पोरांना तिथवर आणायची जबाबदारी आम्ही घेऊ.